मागच्या खोलीतली डॅफ्नी

धुळ्याच्या मे महिन्यात हिमालयातलं झाड जगवून दाखवीन, असं मी नूतनला फोनवर ठणकावून सांगितलं! वीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं की माणूस अशी वाक्यं बोलून जातो.

नूतन माझी मैत्रीण, जळगावला हाच विषय शिकवते. अल्मोड्याहून तिनं डॅफ्नीची दोन रोपं आणली होती. एक तिला, एक मला. तिचं एप्रिलमध्येच वाळलं. उरलं माझं. त्यावर चार कळ्या धरल्या होत्या. एवढ्या उन्हात डॅफ्नी फुललेली आमच्या ऐकिवात नव्हती, म्हणून आम्हा दोघींचा जीव त्या चार कळ्यांत अडकला होता. रोज सकाळी फोनवर मी नूतनला रोपाची खबर द्यायचे.

डॅफ्नी म्हणजे सुवासिक फुलांचं, पण विषारी झुडूप. ग्रीक पुराणात याच नावाची एक मुलगी आहे. एक देव तिच्या मागे लागतो, ती रानातून पळत सुटते आणि पकडली जाणार तेवढ्यात तिचं झाड होतं. पायांची मुळं, हातांच्या फांद्या. गोष्ट सुंदर आहे. फक्त ती बंद खोलीत एकटीनं आठवू नये.

कारण डॅफ्नी मी बंद खोलीतच ठेवली होती. मागची खोली, कूलर चालू, खिडकीच्या गजांना आतून काळं कापड आणि वर रोपांसाठीचा जांभळा दिवा. कुंडी दारासमोरच्या खिडकीखाली, चार पावलांवर. किल्ली माझ्या कमरेला. कामाला येणाऱ्या बेबाबाईंनाही मी बजावलं होतं, "त्या खोलीकडे फिरकायचं नाही. विषारी आहे!" बेबाबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या.

पहिली खूण मंगळवारी दिसली. दुपारी दोनला परीक्षेच्या कामावरून आले, कुलूप काढलं, तर कुंडीतली माती पांढरी! बोट लावून वास घेतला. दूध. ताजं, साखर घातलेलं!

मी वहीत नोंद केली : 'तापमान २४. मातीवर दूध. कारण अज्ञात.'

बुधवारी पुन्हा दूध. गुरुवारी दूध आणि भाकरीचा तुकडा. कुलूप जसंच्या तसं. खिडकीबाहेरच्या बोळात दुपारी बाराला कुत्रंसुद्धा नसतं. पंचेचाळीस अंशांत धुळ्याचे रस्ते असे ओस पडतात, की आपल्याच चपलेचा आवाज मागून कोणी चालत असल्यासारखा येतो. मांजर म्हणावं, तर मांजर दूध पितं, वाढत नाही!

शुक्रवारी मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजले. जांभळ्या उजेडात खिडकीखाली एक लहान मुलगी उभी होती. फुलाफुलांचा फ्रॉक. दोन्ही हात वर केलेले. डोकं नव्हतं!

पांढरा दिवा लावला. डॅफ्नी होती. तिच्या फांद्यांवर कोणीतरी फ्रॉक टाकला होता.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. मी किंचाळले नाही. वहीत 'फ्रॉक' असं लिहिलं. ते अक्षर आजही मला वाचता येत नाही.

शिवाय एक कळी गळून पडली होती. मुळं दुधानं आंबायला लागली होती. भूत असो की माणूस, आणखी दोन दिवसांत ते माझं झाड मारणार होतं!

शनिवारी साडेदहाला "येते हं" म्हणून निघाले. बेबाबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तशी परत येऊन मागच्या खोलीत शिरले, दार रेटून आतून कडी लावली आणि कुंडीशेजारी जमिनीवर बसले. फ्रॉक मांडीवर. बाजूला डॅफ्नी. कूलरच्या वाऱ्यानं तिची पानं माझ्या कानाला लागत होती. कोणी काही सांगतंय असं वाटायचं.

बारा वाजले. बाहेर पाचोळा करकरला. काळं कापड हललं. त्याखालून पाच बोटं आत आली, मग हिरव्या बांगड्यांचा हात, हातात स्टीलचा ग्लास. ग्लास माझ्या नाकासमोर हळूहळू तिरका झाला.

"बेटी," कोणी कुजबुजलं, "पी ले व माय. कोनी देखत नही."

"कोण?" असं दरडावून विचारायचं होतं. घशातून निघाला तो सहा वर्षांच्या पोरीचा आवाज : "को... ण...?"

ग्लास खणकन पडला!

"बोलनी! पोर बोलनी व माय! जित्ती शे!" आणि पाचोळ्यातून धावत्या पावलांचा आवाज.

तो आवाज बेबाबाईंचा होता! मी धावत दाराशी गेले, कडी काढली, दार ओढलं. दार हलेना. पंधरा दिवसांच्या कूलरच्या ओलाव्यानं लाकूड फुगून चौकटीत रुतलं होतं. हे मला सुचायला हवं होतं. मी शिकवते हे!

मी दार बडवायला लागले. पाच मिनिटांत बाहेर अख्खी कॉलनी जमली.

"ऐका! दार बडवतेय बिचारी!" हे शेजारचे रोहिदासनाना, निवृत्त मराठीचे शिक्षक. "घाबरू नकोस बाळ! मोनालीबाईंना बोलावलंय!" कोपऱ्यावर राहणारी मोनाली पोलिसात आहे.

"नाना, मी आहे!"

"मी कोण?"

"हेमलता!"

नाना ओरडले, "अरे, मॅडम आतच आहेत! पोरीजवळ! तोडा लवकर!"

"तोडू नका! कुंडी आहे इथं—"

"बेटी, बाजूले सर!" बेबाबाईंचा आवाज. तिसऱ्या धडकेला बिजागऱ्या निघाल्या आणि दार धाडकन आत पडलं. मी भिंतीला चिकटले म्हणून वाचले.

धूळ खाली बसली. जांभळा उजेड, केस विस्कटलेले, हातात लहान मुलीचा फ्रॉक. माझ्याकडे बघून दोन बायकांनी देवाचं नाव घेतलं.

मोनाली पुढे आली. "मुलगी कुठंय?"

"मुलगी नाही. डॅफ्नी आहे."

"तेच विचारतेय. डॅफ्नी कुठंय?"

मी खाली बघितलं. "दाराखाली."

गर्दीतून जी किंकाळी उठली, ती पारोळा रोडपर्यंत गेली असेल! चौघांनी दार उचललं. खाली फुटलेली कुंडी, आंबट माती आणि मधोमध मोडलेलं झुडूप.

"हे काय?" मोनाली म्हणाली.

"डॅफ्नी."

बेबाबाई पुढे आल्या. "ताई, खोटं बोलू नको. बठ्ठं ऐकेल शे मी. रोज सकाळी फोनवर काय सांगस तू? डोंगरमाईन आनी, मायपासून तोडी. खावाले काहीच देवानं नही. काल शेंडा उडावना म्हने कैचीघाई! माले बी नऊ वरीसनी व्हतू तवय डोंगरमाईन आनेल व्हतं, ताई. साक्रीना तथाईन. भांडा घासाले. अशीच खोलीमा कोंडी ठेवेत. कोनी एक पेला दूध दिन्हं नही माले."

साक्रीकडच्या डोंगरातून आणून भांडी घासायला कोंडलेली नऊ वर्षांची पोर. नऊ वर्षं ही बाई माझ्याकडे येते, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

नाना खाकरले. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस. "हेमलताताई, तुम्ही फोनवर या झाडाला काय म्हणता?"

"गमतीनं आम्ही दोघी 'ती' म्हणतो, नाना."

"झाड नपुंसकलिंगी! 'ते' म्हणाला असतात, तर दार शाबूत राहिलं असतं!"

मोनालीनं पेन खिशात ठेवलं. "यात मी लिहू काय?"

बेबाबाई खाली बसल्या. मोडलेली फांदी त्यांनी उचलली, उलटसुलट करून बघितली. "हाई पियेत दूध?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "चार दिन मी गाईनं दूध इकत लई उनू, या लाकूडकरता?" मग त्यांना हसू आलं आणि मलाही. हसता हसता मी त्या फांदीवरच्या कळ्या मोजल्या. एकही नव्हती. बुंधा जमिनीलगत तुटला होता आणि आतून काळा पडला होता. जगण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. नूतन.

"कशी आहे गं?"

बोलायचं होतं पुष्कळ. दूध, फ्रॉक, दार. "नूतन," मी एवढंच म्हणाले, "ती गेली."

खोलीतल्या लोकांना त्याचा अर्थ ठाऊक होता. पण अंगणात नुकत्याच पोचलेल्या मागच्या गल्लीतल्या बायकांना एवढंच ऐकू आलं. एकीनं हंबरडा फोडला, "आं माय व! पोर गई व!" आणि पाठोपाठ सगळ्यांनी सूर धरला. भर दुपारी, ओस पडलेल्या गल्लीत!

"समजावा त्यांना," मोनाली म्हणाली.

मी मान हलवली, पण बाहेर गेले नाही. फ्रॉकनं डोळे पुसत थोडा वेळ ऐकत बसले. आयत्याच आल्या होत्या, आणि रडतही छान होत्या.