दुसऱ्या अंकाआधीची भैरवी

परीक्षण लिहायला येणारा माणूस डोळे पुसतच गावाबाहेर पडणार, असं गहिनीनाथने अख्ख्या सिरसाळ्याला सांगून ठेवलं होतं. जुन्या, गाजलेल्या एका बालकादंबरीवरून त्याने संगीत नाटक रचून बसवलं होतं. एक पोरकं कोकरू, त्याला लाथेने हाकलणारी मेंढी, आणि मग दोन अंक त्या कोकराची रानात वणवण. परीक्षण चांगलं आलं की संभाजीनगरचं थिएटर मिळणार होतं, आणि गड्याचा सगळा जीव त्या थिएटरात अडकला होता!

समीक्षक पहिल्या रांगेत बसले. मागे सगळी मेंढपाळ मंडळी. कोकरू झालेली गहिनीनाथची लेक शिवकन्या असं गायली की बायांनी पदर डोळ्यांना लावले. मेंढी झालेल्या कडूबाईने ठरल्याप्रमाणे लाथ उगारली, तसा म्हातारा मुंजाजी मांडवात उठून उभा राहिला.

"कडू, लाथा कावून मारती? तुझं दूध चोळ की त्याच्या पाठीला. आपल्या दुधाचा वास आला की घेती मेंढी जवळ, इसरली का?"

झालं! कडूबाईचा जन्म मेंढरांत गेलेला. पोरकी कोकरं तिने अशीच दुसरीच्या कासेला लावली होती. विंगेतून गहिनीनाथ जीव तोडून लाथ मारून दाखवत होता, पण बघतंय कोण! तिने शिवकन्येची पाठ चोळली, पोटाशी ओढलं आणि ढसाढसा रडली. मांडवही रडला, खोटं कशाला सांगू. पेटीवाल्या बद्रीनाथला वाटलं, मिटलं सगळं. त्याने भैरवी धरली. भैरवी लागल्यावर कोण बसतंय? लोक चपला शोधायला लागले. लांडगा झालेला हरिओम शेपूट सावरत आपली एन्ट्री कधी म्हणून विचारत राहिला.

गहिनीनाथने मंचावर येऊन हात जोडले, अजून दोन अंक आहेत म्हणाला. मुंजाजीने त्यालाच समजावलं, की कोकरू मेंढीला लागलं, आता ते रानात कशाला हिंडंल? रिकाम्या मांडवात गहिनीनाथ खाली बसला. वर्षभराची मेहनत मातीत गेली म्हणून त्याला खरंच रडू आलं.

रविवारी परीक्षण छापून आलं. कडूबाईची तोंडभरून स्तुती होती, आणि प्रेक्षकांनी शेवट नाटकाच्या हातातून काढून घेतला, असा प्रयोग आपण जन्मात पाहिला नाही, असं लिहिलं होतं. दिग्दर्शकाचं नाव कुठेच नव्हतं. दुपारी थिएटरवाल्यांचा फोन आला. त्यांनी तारीख दिली, आणि गहिनीनाथ आनंदाने ओरडणार तोच अट सांगितली.

"तेवढा पहिलाच अंक करा. आणि प्रेक्षक मात्र तिकडचेच आणा."