पोटॅशचं मीठ

यशवंतरावांनी मिठाचं पाकीट खिडकीकडे धरलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. पोटॅशियम क्लोराइड.

“पूनम, हे तू माझ्या वरणात टाकून राहिली?”

“हाव, बाबाजी,” सून म्हणाली. “डॉक्टरांनीच सांगितलं ना, बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ. निळ्या झाकणाचा डबा तुमचा, लाल आमचा.”

“मले एकट्यालेच कायले?”

“तुमच्या किडनीचा रिपोर्ट पाहून दिलं. सगळ्यांनी खायचं नाही म्हणे.”

हे शेवटचं वाक्य यशवंतरावांना मुळीच आवडलं नाही. डॉक्टर आणखीही एक बोलले होते. पुढच्या तपासणीपर्यंत बीपी उतरला नाही, तर ट्रॅक्टर चालवणं बंद. मुलाने, वीरेंद्रने, ट्रॅक्टरची किल्ली त्याच दिवशी आपल्या खिशात घातली होती. मुलाच्या खिशात किल्ली आणि सुनेच्या हातात पोटॅशियम. यशवंतरावांनी पाकीट जागेवर ठेवलं आणि थेट रामाकोना गाठलं. तिथे हेमराजचं कृषी केंद्र होतं.

“हेमराज, आपण संत्र्याले पोटॅशचं खत टाकतो, ते म्हणजे काय असते?”

“पोटॅशियम क्लोराइड. किती झाडाले टाकायचं, काका?”

“एकाच.”

“वय काय झाडाचं?”

“चौसष्ट.”

हेमराजने मोबाइलवरची नजर वर उचलली. “चौसष्ट? त्याले कायले पोटॅश देता? काढून टाका अन् नवीन लावा.”

परतीच्या वाटेवर यशवंतरावांची खात्री पटत गेली, की मुलगा-सुनेला आपल्यालाही काढूनच टाकायचं आहे. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ते स्वयंपाकघरात शिरले आणि दोन्ही डब्यांतलं मीठ एकमेकांत बदलून मोकळे झाले.

“आता वरणाले चव आली,” संध्याकाळी ते म्हणाले.

“आली ना? मग जेवा,” पोळी वाढता वाढता वच्छलाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

चव आली, पण चैन गेलं. आता खत बाकीचं घर खात होतं. पोटॅश जास्त झालं की पानांच्या कडा करपतात, हे यशवंतरावांना ठाऊक होतं. जेवताना ते वीरेंद्रच्या कानांच्या कडा निरखू लागले.

“काय पाहून राहिले, बाबा?”

“काही नाही. पाणी जास्त पीत जा.”

तपासणीला वीरेंद्रने आईवडिलांना पांढुर्ण्याला नेलं. डॉक्टरांनी दोनदा बीपी मोजला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. “छान. बीपी उतरला, पोटॅशियमही मर्यादेत आहे. मीठ लागू पडलं.”

यशवंतराव याच क्षणाची वाट पाहत होते. “डॉक्टरसाहेब, त्या मिठाचा एक कणही मी खाल्ला नाही. डब्यातलं मीठ मी बदलवलं होतं.”

वीरेंद्रचा हात नकळत कानाकडे गेला. “म्हणजे ते आम्ही खाल्लं?”

“कोणी नाही खाल्लं,” वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. “पाकीट वाचताना यांचं तोंड पाहिलं, तवाच समजलं, हे बदलवणार. म्हणून हे रामाकोन्याले गेले तवा मी आधीच बदलवून ठेवलं. मग यांनी बदलवलं, अन् ज्याचं मीठ त्याच्या डब्यात आलं.”

डॉक्टरांनी तोंड रिपोर्टामागे धरलं. “तेच चालू ठेवा,” एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर वीरेंद्रने किल्ली दिली. “पुढच्या तपासणीपर्यंत,” हेही बजावलं. यशवंतराव किल्ली मुठीत धरून डब्यांसमोर उभे राहिले. मीठ तसंच ठेवावं, तर आपण बदलू असं समजून हिने आधीच बदललं असेल. बदलावं, तर कदाचित हिने या वेळी हातच लावला नसेल.

“वच्छला, तू डब्यांले हात लावला का?”

“तुम्ही लावणार आहात का?” मेथी निवडत त्यांनी विचारलं.

यशवंतरावांनी निळं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

“पूनम,” यशवंतराव शेवटी म्हणाले, “माझ्या वरणात मीठच टाकू नोको.”

रात्री त्यांनी आळणी वरणाचा पहिला घास घेतला आणि पत्नीकडे पाहिलं. वच्छलाबाई हसत नव्हत्या. यशवंतरावांना तेच जास्त संशयास्पद वाटलं.