डोंगलची पूजा

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, एवढंच मी ठरवलं होतं.

संगमनेरला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दसऱ्याला पाने-पक्कडी धुऊन पुसून मांडायचो. आता इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला, मुलाच्या बेसमेंटमध्ये, माझं हत्यार कुठलं? बर्फ शोव्हल करायचं फावडं आणि लॅपटॉप. (त्यातलं फावडं मला समजतं.)

लॅपटॉप शौनकचा, म्हणजे मुलाचाच, जुना, लिनक्सवाला. खाली वायफाय नीट पोचत नाही, म्हणून त्याला बाहेरून बोटाएवढा डोंगल लावलाय. शौनकने एक स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. लॅपटॉप सुरू केला की ती आपणहून वायफाय जोडते आणि जयंतीला व्हिडिओ कॉल लावते. जयंती म्हणजे आमची ही. लेकीच्या बाळंतपणाला उन्हाळ्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेली, ती तिकडेच. मुलाला नातवंडं सांभाळायला मी लागतो, मुलीला आई लागते. दोघं मिळून आम्ही कुणालाच लागत नाही.

तर लॅपटॉप बंद केला. डोंगल उपसून पुसला, दुसऱ्या भोकात बसवला. ओल्या कुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला. इस्त्रीचा सदरा घालून, लॅपटॉप सुरू करून समोर बसलो. सणाचं तिचं तोंड बघायचं होतं.

"शौनक, अरे, तुझी आई लागत नाही!"

तो खाली आला. "बाबा, डोंगल काढला होता?"

"पूजेला."

"डोंगलची पूजा?"

"मग काय तुझी करू?"

तो हसत टाइप करू लागला. "लॅपटॉपच्या आतही वायफायचं एक कार्ड आहे, वीक. जो आधी जागा होतो त्याचा नंबर शून्य, मागून येतो त्याचा एक. स्क्रिप्ट एक नंबरवाल्याला धरते. तुम्ही भोक बदललंत, डोंगल आधी जागा झाला, नंबर उलटे झाले. आता ती आतल्याच्याच मागे लागलीय."

"मग?"

"प्रत्येक हार्डवेअरला कारखान्यातूनच स्वतःचा पत्ता मिळतो. डोंगलला त्यावरून ओळख, असं सांगतो स्क्रिप्टला. मग कुठेही लावा."

कुठेही लावा, पत्ता आपला तोच! मला त्या डोंगलचा जरा हेवा वाटला.

कॉल लागला. हिरवं लुगडं नेसलेली जयंती दिसली, थोडी वाळल्यासारखी. आपट्याची पानं इथे कुठली? मी अंगणातलं मेपलचं पिवळं पान पुढे धरलं.

"सोनं घे गं."

"अहो, कोण बोलतंय? इथे सगळं लालभडक दिसतंय."

शौनकने वाकून पाहिलं. "बाबा! कॅमेऱ्यालाही कुंकू?"

"डोळ्यासारखा दिसला. म्हणून आधी त्यालाच लावलं."

"राहू दे, शौनक," पलीकडून जयंती म्हणाली. "ओळखलं मी. हे असलं दुसरं कोण करणार?"

मी घाईने बाहीने कॅमेरा पुसला. बाही लाल झाली.

"तो सदरा मशीनमध्ये टाकू नका. सगळ्यांचे कपडे लाल कराल. मी आल्यावर हाताने धुते."

आल्यावर, म्हणाली! मी हळूच दुसरी बाही कुंकवाच्या वाटीकडे नेली.

"अहो," ती म्हणाली, "आता दिसतंय मला."