करवंटीतला खडा

एका जंगलात, डोंगराच्या पोटात, एक अंधारी गुहा होती, बाळांनो. तिथे पाकोळ्या राहत. पाकोळी काटक्या गोळा करत बसत नाही. आपल्या लाळेचंच घरटं बांधते. लाळ भिंतीला लावायची, वाळू द्यायची, परत लावायची.

त्यातली सावळी अंड्यावर आली होती. घरटं निम्मंही झालं नव्हतं. तेवढ्यात गुहेत वाघळोजी वैद्य आले. मोठं शिकून आलेलं वटवाघूळ. लाळग्रंथी तपासल्याशिवाय कुणी बांधकाम करायचं नाही, असा नियम त्यांनी काढला.

कपारीत एक करवंटी बसवलेली होती. तिच्यावर मान खाली घालून बसायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, लाळ आपसूक टपकू द्यायची. सकाळभर घरटं बांधून सावळीचं तोंड सुकलेलं. करवंटीचा तळसुद्धा भिजला नाही.

वैद्यांनी उलटं लटकून आत पाहिलं. "ग्रंथी सुस्त आहे, बाई. बांधकाम बंद. रोज येऊन लाळ द्यायची."

तिचा नवरा झिपरू कुरकुरला, की मग अंडं काय वाऱ्यावर ठेवायचं? शिकलेल्यांशी वाद घालून लाळ वाया घालवू नका, असं म्हणून सावळीने त्याला गप्प केलं.

ती रोज जाऊ लागली. लाळ सुटावी म्हणून वैद्य समोर चिंच धरत. चिंच बघून त्यांच्याच तोंडाला पाणी सुटे, तेही करवंटीत पडे. मोजमाप छान येई. करवंटी पुसायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत थरावर थर वाळत गेला.

एके सकाळी सावळीला कळ आली. तिने मान वर केली आणि शेपटी खाली.

वैद्य डोकावले. आत पांढरं, गुळगुळीत, कडक काहीतरी. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी अंडं घातलं नव्हतं.

"ग्रंथीतला खडा आहे हा," ते म्हणाले. "फोडून बघावा लागेल."

सावळी हळूच म्हणाली, "वैद्यबुवा, आमच्यात खड्याला शेक देतात."

वैद्यांनी जरा विचार केला. "ओला की कोरडा?"

"अंगाचा," ती म्हणाली, आणि जाऊन वर बसली.

पुढे खडा फुटला आणि चिवचिवला. शेक लागू पडला, असं वैद्य अजून सगळ्यांना सांगतात. आता त्या गुहेत प्रत्येक पाकोळीला खड्याचा आजार आहे, आणि प्रत्येकीला एक करवंटी मिळते.

तात्पर्य: तपासणीला कधी नाही म्हणू नये. भांडं आपल्या मापाचं आहे ना, एवढं फक्त आधी बघून घ्यावं.