दीड मिलिमीटरचा फरक

आमच्या गल्लीत भाकरीची जाडी मोजणारा माणूस एकच. नेमगोंडा चौगुले, म्हणजे आमचे शेजारी चौगुले अण्णा. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, अण्णा व्हर्निअर ठेवतात. कारखान्यात लोखंडी मालाचं माप घ्यायला वापरतात ती स्टीलची सरकती पट्टी. केसाएवढा फरक असला तरी सांगते. माझ्या बायकोनं एकदा त्यांना मोठ्या हौसेनं जेवायला बोलावलं. अण्णांनी ताटातली गरम भाकरी उचलली, पट्टीच्या चिमट्यात धरली आणि म्हणाले, "वहिनी, कडंला अडीच, मधी साडेतीन. टॉलरन्सच्या भायेर हाय." बायको त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही.

टॉलरन्स म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा त्याची मर्यादा. अण्णांना फारसा चालत नसे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते वीस-बावीस वर्षं तपासनीस होते. माल पास करायचा की नापास, हे त्यांच्या हातात. रिटायर झाले, पण नापास करायची सवय काही सुटली नाही. महापालिकेनं केलेला स्पीडब्रेकर त्यांनी नापास केला. आमच्या मंडळाचा गणपतीचा मांडव नापास केला. गल्लीतल्या एका मुलीला बघायला आलेल्या पाव्हण्याला तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "पावणं, तुमचा डावा खांदा एक इंच खाली हाय. बॅग बदलत्या हातात धरत जावा." ते स्थळ परत आलं नाही.

पास झालेली वस्तू मी एकच बघितली, ती म्हणजे त्यांची गाडी. अकरा वर्षांची पांढरी, लहानशी. पोर्चच्या छताला त्यांनी दोरीनं एक रबरी चेंडू टांगला होता. गाडी आत घेताना पुढची काच चेंडूला नुसती टेकली की थांबायचं. जाताना-येताना किलोमीटरचा आकडा शिसपेन्सिलीनं वहीत लिहायचा. बसणाऱ्यानं आधी चपला झाडायच्या. दर रविवारी सकाळी ते मऊ फडक्यानं गाडी पुसत बसायचे, बेंगळुरूहून मुलाचा फोन येईपर्यंत. फोन चार-पाच मिनिटांचा. मग पुन्हा पुसणं. चौगुले काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गाडीचा एसी गार हवा देईना. अण्णांनी ती हायवेजवळच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सोडली. दोन दिवस म्हणाले होते, चार दिवसांनी फोन आला. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो.

गाडी दारात उभी होती, नुसती लखलखत. सर्व्हिस मॅनेजर स्वतः बाहेर आला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, गळ्यात ओळखपत्र.

"काका, एकदम ओके. वॉशिंग आणि पॉलिश आमच्याकडून फ्री."

"मी मागितलं न्हवतं," अण्णा म्हणाले आणि खिशातून व्हर्निअर काढला.

गाडीला एक पूर्ण फेरी मारून ते बॉनेटजवळ थांबले. बॉनेट आणि चाकावरचा पत्रा यांच्यात फट असते ना, ती त्यांनी उजवीकडं मोजली, डावीकडं मोजली, पुन्हा उजवीकडं मोजली. मग आत डोकावून किलोमीटरचा आकडा बघितला, वही उघडली आणि माझ्याकडं वळले.

"उजवीकडं चार, डावीकडं साडेपाच. दीड मिलिमीटरचा फरक हाय. डावा दिवा कोरा करकरीत, उजवा पिवळा. आणि गाडी सव्वीस किलोमीटर फिरलीया. दत्ता, ही गाडी आदळलीया कुठंतरी."

"काका, अकरा वर्षांची गाडी आहे, तेवढं होतंच की," मॅनेजर हसत म्हणाला.

"मागल्या रविवारी न्हवतं."

आत बसलेली गिऱ्हाइकं हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

अण्णांनी गाडी ताब्यात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जेवणाचा डबा घेऊन ते सर्व्हिस सेंटरच्या एसीत जाऊन बसले ते संध्याकाळी सहापर्यंत. तिसऱ्या दिवशीही तेच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसतं बसायचं, आणि मॅनेजर समोरून गेला की एवढंच विचारायचं, "कशावर आदळली?" तो म्हणायचा, "काका, आदळली नाही." अण्णा म्हणायचे, "बरं." अर्ध्या तासानं पुन्हा तेच.

चौथ्या दिवसापासून दुसरीच भानगड सुरू झाली. बाकीची गिऱ्हाइकं आपापली गाडी अण्णांकडून तपासून घ्यायला लागली. हुपरीचा एक चांदीवाला तर त्यांचा हात धरूनच घेऊन गेला, "अण्णा, माझंबी दार जरा बघा की." दार नापास झालं. त्यानं तिथंच दंगा केला. मग दुसऱ्यानं केला. नवव्या दिवशी शोरूमच्या मालकांनी अण्णांना वरच्या केबिनमध्ये बोलावलं. मीही बरोबर होतो.

मालकांनी चहा मागवला. म्हणाले, "शेडमधल्या खांबाला घासली गाडी. आमच्या माणसाची चूक झाली, कबूल आहे. नवं बॉनेट, नवा पत्रा, सगळा रंग नवा करून देतो. तीन वर्षं सर्व्हिस फुकट. विषय मिटवा, अण्णा."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. नऊ दिवसांत म्हाताऱ्यानं मैदान मारलं होतं.

अण्णा उठले. "खांब दावा."

सगळे शेडमध्ये गेलो. मॅनेजरनं एक लोखंडी खांब दाखवला. अण्णांनी त्याच्यावर हात फिरवला. रंगाचा टवकाही उडाला नव्हता. मग ते गाडीकडं आले, बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून आत बघायला लागले. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्यात त्यांना काहीतरी दिसलं. व्हर्निअरच्या टोकानं त्यांनी ते अलगद उचकटून तळहातावर घेतलं. हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा. मग दुसरा. थोडे गोलाकार.

अण्णांनी तळहात मॅनेजरपुढं धरला.

"खांबाला बांगड्या असत्यात व्हय?"

या वेळी कुणी हसलं नाही. मालकांनी मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं जमिनीकडं बघितलं. तोपर्यंत अण्णांनी ते तुकडे रुमालात बांधले होते.

संध्याकाळी तो मॅनेजर अण्णांच्या घरी आला, एकटाच. अण्णा आणि मी पायरीवर बसलो होतो. तो उभाच राहिला. ट्रायलच्या नावाखाली गाडी घेऊन तो दुपारी एका नातेवाइकाकडं जेवायला गेला होता. परत येताना मोबाइल वाजला, त्यानं खाली बघितलं, आणि रस्त्याकडेनं गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईला गाडीची धडक बसून ती बॉनेटवर आदळली.

"बाई उठून बसली होती, अण्णा. मी आरशात बघितलं. मला वाटलं, फार लागलं नसेल."

"आरशात बघितलंस," अण्णा म्हणाले. "मागं वळून न्हाय बघितलंस?"

तो रडायला लागला. दोन लहान मुली आहेत म्हणाला, नोकरी जाईल म्हणाला. मालकांनी सांगितलंय म्हणाला, की गाडी अगदी नव्यासारखी करून देऊ, फक्त हे इथंच राहू दे.

अण्णांनी विचारलं, "कुठं?"

"अण्णा, प्लीज..."

"कुठं, म्हणलो मी."

"गडमुडशिंगीच्या अलीकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून गडमुडशिंगीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. पहिल्याच टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. हौसाबाई नावाच्या बाई, साठीच्या आसपास. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ऑपरेशन करून, घरी आणून खाटेवर निजवलं होतं. नवरा म्हशी घेऊन रानात गेला होता, मुलगा रजा काढून घरी बसला होता. तक्रार दिली होती, पण गाडीचा नंबर कुणालाच माहीत नव्हता.

अण्णा अंगणात उभे राहिले आणि त्यांनी एका दमात सांगितलं, "तुमच्या आईला उडवलं ती गाडी माझी."

पुढचं काही ऐकायच्या आत मुलानं त्यांची कॉलर धरली आणि कानफटात मारली. अण्णांचा चष्मा उडून शेणाच्या पाटीत पडला. मी ओरडलो, "अहो, ते चालवत नव्हते, गाडी दुरुस्तीला दिली होती!"

"दत्ता, गप," अण्णा म्हणाले. गाल लालभडक झाला होता, पण आवाज तसाच. "गाडी माझी हाय. चालिवणारा दुसरा हाय. त्येचं नाव सांगायला आलोया. चला, चौकीत लिवून देतो."

आतून एक बारीक आवाज आला. "कोण हाय रं त्ये? म्हाताऱ्या माणसाला मारू नगं."

त्याच दिवशी अण्णांनी पोलिसात जबाब दिला. किलोमीटरची वही दिली, बांगडीचे तुकडे दिले, मोजमापं सांगितली. हवालदारानं तीन वेळा विचारलं, "दीड मिलिमीटर? मिलिमीटरच ना?" मॅनेजरला अटक झाली, मग जामीन झाला. नोकरी गेली. केस अजून चालू आहे.

आणि गाडी जप्त झाली. पुरावा म्हणून ती चौकीच्या आवारात चिंचेखाली नेऊन उभी केली. सोडवून घेण्यासाठी अर्ज केला, तारखा पडत राहिल्या. पावसाळ्यात मी एकदा तिथून गेलो तर ओळखूच येईना. टपावर कावळ्यांची घाण, एक चाक बसलेलं, पुसलेल्या काचांवर शेवाळाचा थर. मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. कुठं जायचं तर ते आता बसनं जात.

गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. गप नवी गाडी करून घ्यायची, तर हा बाबा स्वतःची असलेली घालवून बसला. मुलगाही फोनवर चिडला म्हणे. अण्णांनीच मला सांगितलं. "'तुम्हाला काय पडलं होतं, बाबा,' म्हणला. मी फोन ठिवला." त्यानंतरचे दोन रविवार फोन आला नाही.

हौसाबाईंचं हाड नीट जुळलं नाही. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. आधाराशिवाय चालता येईल हे विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा दर मंगळवारी आणि शुक्रवारी गडमुडशिंगीला जायला लागले. मला वाटायचं, केसचं काही काम असेल. किंवा मनाला टोचणी लागली असेल. गाडी शेवटी त्यांची होती.

श्रावणातल्या एका शुक्रवारी माझ्या बायकोनं सणाचं म्हणून त्यांना जेवायला ठेवून घेतलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी. अण्णा पोटभर जेवले, दोनदा आमटी घेतली. त्या नादात त्यांची बस चुकली, म्हणून मी म्हणालो, चला, मी सोडतो.

हौसाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अण्णांना बघितल्याबरोबर त्यांनी तोंड सोडलं. "आलासा व्हय? मंगळवारी कुठं गेलतासा? वाट बघून बघून मान मोडली माझी."

"ताप आलता," अण्णा म्हणाले.

"मग कळवायचं न्हाय व्हय? एकलं पडून ऱ्हायचं घरात? कुणी पाणी दिलं का न्हाय?"

मी दारातच थबकलो. त्यांच्या आणि माझ्या घरात एका भिंतीचं अंतर. मंगळवारी ते तापानं फणफणले होते आणि मला पत्ता नव्हता.

"बसा," हौसाबाई म्हणाल्या. "जेवलासा का?"

अण्णा खाटेजवळच्या घोंगड्यावर बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "अजून न्हाय."

सुनेनं ताट आणलं. गरम भात, वर वरण. अण्णांनी मांडी घातली, हात धुतले आणि सावकाश जेवायला लागले. घास गिळताना त्यांना त्रास होत होता, मला दिसत होतं. पण ते थांबले नाहीत. हौसाबाई खाटेवरून प्रत्येक घास बघत होत्या.

"आणि थोडा वाढ गं त्यास्नी," त्या सुनेला म्हणाल्या.

अण्णा नको म्हणाले नाहीत.