सिल्वानरावांची पुढची तारीख

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गायधनी काका कॉम्प्युटरवर माणूस मारला की आंघोळ करत. डोक्यावरून. गेममधला एखादा पहारेकरी तटावरून ढकलला, की माऊस ठेवायचा, पंचा उचलायचा आणि थेट मोरी गाठायची. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत नळाला पाणी एक वेळ, आणि गेममधल्या इटलीत पहारेकरी ढीगभर. काकू वैतागल्या, तेव्हा काका पंचवटीत एका गुरुजींना विचारून आले. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मयत कुठल्या गोत्राचा?" गोत्राचा पत्ता नाही म्हटल्यावर नुसते पाय धुण्यावर भागलं.

हा गेम काकांच्या निखिलने घालून दिलेला. बंगळूरला नोकरीवर जाताना जुना कॉम्प्युटर इथेच ठेवला आणि म्हणाला, "बाबा, रिटायर झालात, आता खेळा." पाचशे वर्षांपूर्वीची इटली. एका दुष्ट सरदाराने गावाच्या विहिरीत विष कालवलेलं, आणि आपण एक पाथरवट होऊन, छपरांवरून उड्या मारत त्याला गाठायचं आणि संपवायचं. सरदाराचं नाव काउंट सिल्व्हानो. मखमली झगा, टोकदार दाढी, बोटाबोटांत अंगठ्या. तो हसला की समजावं, कुणाचा तरी निकाल लागला. काका त्याला 'सिल्वानराव' म्हणत. अहोजाहो करून.

काका कोर्टात शिरस्तेदार होते, हे इथे सांगायला हवं. जन्मभर लोकांना तारखा वाटल्या, त्या हाताला एका घावात निकाल लावणं कसं जमावं?

"विष त्यांनीच कालवलं, याला साक्षीदार कोण?" काका मला विचारत. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून इटलीची जबाबदारी माझ्यावर.

"अहो काका, गेममध्येच दाखवलंय की!"

"ते फिर्यादीचं म्हणणं झालं, बाई. आरोपीची बाजू कुठे ऐकली आपण?"

म्हणजे पहारेकरी पटापट मारायचे, त्यांची बाजू कुणी ऐकायची नाही. सरदार मात्र निर्दोष. कोर्टातला माणूस शोभतो खरा! एकादशीला सिल्वानरावांना अभय, पितृपंधरवड्यात अभय, श्रावणात तर प्रश्नच नाही. एकदा मी स्वतः पाहिलं. सरदार जिन्यावर पाठमोरा, काका मागे, खंजीर उगारलेला, आणि लोडशेडिंग झालं. कुणीही चरफडला असता. काका टाळी वाजवून ओरडले, "स्टे मिळाला!"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, एकदाचा मुडदा पाडा त्या मेल्याचा आणि दळण घेऊन या."

रविवारी सकाळी निखिलचा फोन येई. आमची दोन्ही दारं उघडीच असतात आणि त्यांचा फोन स्पीकरवर, त्यामुळे सगळं ऐकू येतं. मी कान देते असा काकूंचा आरोप आहे, पण तोही सिद्ध झालेला नाही. पूर्वी हा फोन म्हणजे काकूंचाच. काकांच्या वाट्याला "बरंय ना बाबा? आईला द्या" एवढंच येई. लहानपणापासून बापलेकांचं तसंच. घरात दोघं समोरासमोर आले की एक पेपर उघडी, दुसरा चपला घाली. गेम आल्यापासून मात्र फोन काकांकडेच. "मारला का?" तिकडून विचारणा. "पुढची तारीख दिली," इकडून उत्तर. मग कुठल्या छपरावरून जायचं, कुठलं बटण दाबायचं, यावर तासभर खल.

एवढा खल होऊनही सरदार ठणठणीत! दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला तर त्या सिल्वानरावांचा राग यायच्या ऐवजी काकांचाच यायला लागला. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याला घेऊन गेले. तो म्हणाला, "काका, सरका, दोन मिनिटांत उडवतो." काकांनी कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं.

"माझ्या केसमध्ये दुसरा वकील चालणार नाही!" असे कडाडले, की भाचा चहा न घेता उठला. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. जमत नसेल तर तसं कबूल करावं माणसाने.

मग एका दुपारी काकूंचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काकांची पाठ माझ्याकडे. पडद्यावरचा पाथरवट अशा सफाईने छपरांवरून धावत होता, की मी डबा हातात धरून उभीच राहिले. एक पहारेकरी चुकला नाही, एक उडी फसली नाही. काका जिन्यावर आले, सिल्वानरावांना मागून गाठलं आणि एका घावात आडवं केलं. पडद्यावर घंटा वाजल्या, लोक नाचायला लागले. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन-तीन बटणं दाबली, आणि सरदार परत जिन्याच्या तोंडाशी, अंगठ्या मिरवत उभे.

काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"दिवाळीच्या आधीच मारला यांनी त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "रोज मारतात. निखिलला बोलू नकोस हं, सुनंदा. सरदार मेला म्हटलं तर पोरगं विचारणार काय यांना?"

एवढे महिने मी या माणसाला हसत होते. डबा ओट्यावर ठेवला आणि घरी आले.

रविवारी फोन वाजला. त्या दिवशी मी खरंच कान दिला.

"नाही रे, कुठलं जमतंय!" काका सांगत होते. "जिन्यापाशी आलो की बोटंच अडखळतात. तू सांग बरं, डावीकडून जाऊ की उजवीकडून?"

तिकडून निखिल सांगू लागला. काकांनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

"हळू सांग," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."