दामूआप्पांचं कापसाशी वैर

आमच्या गेवराईत कुणाकडं पाहुणा मुक्कामी आला की घरचे त्याला पाणी विचारतात आणि शेजारचे दामूआप्पा त्याची उशी चाचपतात. "सुती हाय," म्हणतात, जणू गादीखाली साप सापडला. मग प्रवचन सुरू. "सुती अभ्रा लई पेताड. रातभर तोंडाचं मलम पेतो. सकाळी उशी गोरी, माणूस तसाच."

एकदा सांत्वनाला गेले, तर मेलेल्याची उशी दाबून विधवेसमोर मान हलवून आले. उभा जिल्हा कापसावर जगतो आणि या एका माणसाचं कापसाशी असं वैर. कापडदुकानात चादरी विकायला होते, तेव्हा गिऱ्हाइकादेखत अभ्र्यावर क्रीमचा ठिपका टाकून म्हणायचे, "बघा, पेला." मालकानं हात जोडून घरी पाठवलं.

हे सगळं पोरीपायी. संगीच्या डाव्या गालावर कोडाचा डाग आहे. गल्ली म्हणते, तळहाताएवढा. आहे रुपयाएवढा. थापा मारण्यात मला हरवणारी तेवढी एक आमची गल्लीच. डॉक्टरचं मलम लागू पडेना, तेव्हा आप्पांनी दोष उशीवर ठेवला. वारलेल्या बायकोचा लग्नातला शालू काढला. शिंपी कात्री लावायला तयार होईना, तर स्वतः टरकावला आणि त्याचे चार अभ्रे करून घेतले.

पुढं पाहुणे बघायला आले. आप्पांनी संगीला डावा गाल भिंतीकडं येईल असं बसवलं, वर पदर ओढायला लावला. पोरीनं सगळ्यांसमोर पदर खाली घेतला. पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. त्या दिवसापासून संगीनं बापाशी बोलणं सोडलं.

तरी आप्पा रोज सकाळी तिच्या खोलीत जातात, अभ्रा उजेडात धरतात आणि अंगणात येऊन गल्लीला ऐकवतात, "एक थेंब पेला न्हाई. रेशीम ते रेशीम."

परवा संगी मला हळूच म्हणाली, "दादा, मलम मी कवाच सोडलंय. आप्पाला सांगू नका."

माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी आप्पांना गाठलं. "अभ्रा कोराच राहणार की. पोरगी मलमच लावत न्हाई."

आप्पा जराही दचकले नाहीत. "ठाऊक हाय. दिवाळीला आणलेली ट्यूब सीलबंद पडलीय."

"मग रोज कावून बघता?"

"अभ्रा हातात घेतला की 'ठेवा तिथं' म्हणती," आप्पा म्हणाले. "दिवसभरात तेवढंच बोलती बे."